एका दगडाभोवती सोळा जण

कोपान या माया नगराच्या सोळाव्या राजाने इ.स. ७७६मध्ये एक चौकोनी दगड घडवून घेतला. दगडाला चार बाजू, प्रत्येक बाजूवर चार माणसं, सगळी मांडी घालून बसलेली. वरच्या सपाट भागावर सहा ओळींत सहा-सहा अशी छत्तीस चित्राक्षरं. पुरातत्त्वाच्या नोंदींत त्याला ‘आल्टर क्यू’ म्हणतात. ‘आल्टर’ म्हणजे वेदी, पण हा शब्द फसवा आहे, कारण तो कदाचित आसन म्हणून वापरला जात असावा. आज होंडुरासच्या पश्चिम टोकाला, ग्वाटेमालाच्या सीमेजवळ, कोपानच्या अवशेषांत दिसते ती त्याची प्रतिकृती. मूळ दगड तिथल्याच शिल्पसंग्रहालयात आहे.

माया संस्कृतीतल्या एखाद्या राजवंशाची इतकी आटोपशीर वंशावळ क्वचितच सापडते. साडेतीनशे वर्षं, सोळा राजे आणि एकच दगड. पण तो वाचायला लोकांना बराच काळ लागला. १८३९मध्ये अमेरिकन प्रवासी जॉन लॉइड स्टीफन्स आणि चित्रकार फ्रेडरिक कॅदरवुड इथे पोचले, तेव्हा या अक्षरांत इथल्या लोकांचा इतिहास कोरलेला असणार, असं स्टीफन्सला वाटलं होतं. पुढच्या अभ्यासकांनी मात्र ही सोळा माणसं म्हणजे पंचांग दुरुस्त करायला जमलेली ज्योतिषांची परिषद, असा अर्थ लावला. माया लेखांत तारखांखेरीज काही नसतं, अशी तेव्हा समजूत होती आणि या दगडावर तर तारीख ठसठशीत मध्यभागी आहे. या लेखांत राजांचे जन्म, राज्यारोहण आणि मृत्यू नोंदलेले असतात, हे १९६०मध्ये अभ्यासक तात्याना प्रोस्कुरियाकॉफने पिएद्रास नेग्रास या माया शहरातल्या स्तंभांवरून दाखवलं. त्यानंतर ही परिषद विसर्जित झाली आणि तिच्या जागी राजे बसले.

दगड वाचायची सुरुवात पश्चिमेच्या बाजूपासून करायची. मधल्या दोघांची तोंडं एकमेकांकडे आहेत. डावीकडचा दुसऱ्याला काठीसारखी किंवा मशालीसारखी वस्तू देतो आहे. त्याच्या डोळ्यांभोवती गोल कडी आहेत आणि उजव्या हाताला छोटी ढाल बांधलेली आहे. हा संस्थापक, किनिच याश कुक मो. वस्तू घेणारा आहे याश पासाह चान योपात, म्हणजे दगड घडवून घेणारा सोळावा राजा. दोघांच्या मध्ये कोरलेली तारीख त्याच्या राज्यारोहणाची, इ.स. ७६३ची. संस्थापकाच्या पाठीमागे दुसरा राजा बसलेला आहे. तिथून कोपरा वळून दगडाला प्रदक्षिणा घालत गेलं की तिसरा, चौथा असं करत चौदाव्यापर्यंत जाता येतं आणि पुन्हा पश्चिमेला आल्यावर सोळाव्याच्या पाठीशी पंधरावा दिसतो. प्रत्येक राजा आपल्या नावाच्या चित्राक्षरावर बसलेला आहे, म्हणजे ज्याचं आसन वाचता आलं त्याचं नाव कळलं. अपवाद एकट्या संस्थापकाचा. तो ‘अहाव’ म्हणजे ‘राजा’ या अक्षरावर बसला आहे आणि त्याचं नाव शिरपेचात आहे.

मला या रचनेत सगळ्यात बोलकी वाटते ती जवळीक. पहिला आणि सोळावा यांच्यात तीन शतकांहून जास्त अंतर आहे, पण दगडाला कोपरे असल्यामुळे रांग वळून परत येते आणि शेवटचा पहिल्याच्या समोर बसतो. सरळ भिंतीवर ही वंशावळ कोरली असती तर ते साधलं नसतं.

वरच्या छत्तीस अक्षरांत स्थापनेची हकीकत आहे. ५ काबान १५ याश्किन या दिवशी कुक मोने राजसत्तेचं चिन्ह हाती घेतलं. तीन दिवसांनी, ८ अहाव १८ याश्किनला, तो ‘वितेनाह’ नावाच्या जागेहून निघाला. या नावाचा अर्थ ‘मूळ-घर’ असा लावतात. मग ५ बेन ११ मुवानला तो कोपानला पोचला. हे इ.स. ४२६चं सप्टेंबर आणि ४२७चं फेब्रुवारी. मधला काळ किती, ते स्वतः मोजून बघता येतं. माया दीर्घगणनेत उजवीकडून पहिलं घर दिवसांचं, दुसरं वीस दिवसांच्या ‘विनाल’चं, तिसरं ३६० दिवसांच्या ‘तुन’चं, चौथं ७,२०० दिवसांच्या ‘कातुन’चं आणि पाचवं १,४४,००० दिवसांच्या ‘बाकतुन’चं. निघण्याचा दिवस ८.१९.१०.११.० आणि पोचण्याचा ८.१९.११.०.१३. डावीकडची दोन घरं सारखीच आहेत, ती सोडून द्यायची. १० तुन ११ विनाल म्हणजे ३,८२० दिवस, ११ तुन १३ दिवस म्हणजे ३,९७३. फरक १५३ दिवसांचा.

आता ताळा. दिवसाचे आकडे १ ते १३ फिरतात. ८ मध्ये १५३ मिळवून तेराने भागलं की बाकी ५ उरते. दिवसांची नावं वीस आहेत. अहावपासून १५३ पुढे गेलं, म्हणजे सात पूर्ण फेऱ्या आणि वर तेरा घरं, की बेन येतो. ५ बेन, बरोबर. झिजलेल्या दगडावर अर्धवट दिसणारा आकडा अभ्यासक याच ताळ्याने नक्की करतात. गफलत होते ती दुसरीकडे. दिवस आणि महिना यांची जोडी १८,९८० दिवसांनी, म्हणजे सुमारे ५२ वर्षांनी, तशीच परत येते. दगडावर एवढीच जोडी कोरलेली असेल तर शतक ठरवायला इतर लेखांचा आधार लागतो, नाहीतर माणूस बावन्न वर्षांनी इकडे किंवा तिकडे घसरतो.

तर हा कुक मो बाहेरून आला होता. दगड ते लपवत नाही, उलट तेच मिरवतो. डोळ्यांभोवतीची कडी ही मध्य मेक्सिकोतल्या तेओतिवाकान या महानगराच्या पर्जन्यदेवाची खूण आहे. त्या शहराचा दबदबा तेव्हा शेकडो मैलांवर पोचलेला होता. पण दगडावर लिहिलं म्हणून ते खरं, असं कुणी मानत नव्हतं. ही कथा सोळाव्या राजाने साडेतीनशे वर्षांनी आपल्या सोयीने रचली असावी, अशी शंका बरीच वर्षं होती. तिचं उत्तर जमिनीखालून आलं.

कोपानच्या राजांची बांधायची रीत अशी होती की जुनी इमारत पूर्ण पाडायची नाही. तिच्या खोल्या दगडमातीने भरायच्या आणि तिलाच गाभा करून वर मोठी इमारत उभारायची. दर राजाने असं केलं की चारशे वर्षांत टेकडी तयार होते. इथल्या राजवाड्याच्या उंचवट्याला आज अक्रोपोलिस म्हणतात. कोपान नदीने त्याची पूर्वेची बाजू खाऊन टाकली आणि नुकसान होता होता अभ्यासकांना एक प्रचंड उभा छेद मिळाला, ज्यात एकावर एक फरशा मोजता येतात. १९३०च्या दशकात कार्नेगी संस्थेने नदीचं पात्र वळवलं, नाहीतर आज फारसं काही उरलं नसतं. पुढे १९८०च्या दशकाअखेरीपासून या टेकडीत बोगदे खणले गेले. वरची इमारत न पाडता खालची बघायची असेल तर दुसरा मार्ग नाही. बोगदा माणूस वाकून जाईल एवढाच ठेवायचा, भिंत लागली की तिच्या कडेकडेने जायचं, फरशी लागली की ती सोडायची नाही. उघड्या पडलेल्या गिलाव्याला हवा आणि ओल लागून तो सुटू लागतो, म्हणून काम झालेले बरेच बोगदे पुन्हा भरून टाकावे लागतात.

सगळ्यात तळाशी ‘हुनाल’ नाव दिलेली छोटी इमारत निघाली. तिच्या चौथऱ्याची घडण तेओतिवाकानच्या पद्धतीची आहे, खाली उतरता भाग आणि त्यावर चौकटीचा उभा पट्टा. फरशीखालच्या थडग्यात पन्नाशी ओलांडलेला पुरुष होता. त्याचा उजवा हात कोपराखाली मोडून वेडावाकडा जुळलेला होता. वार अडवायला हात वर केला की जिथे मोडेल तिथेच. आल्टर क्यूवरच्या संस्थापकाने ढाल उजव्या हाताला का बांधली आहे, याचा उलगडा त्या हाडाने केला. दातांचीही तपासणी झाली. दाताचं वरचं कवच लहानपणी तयार होतं आणि तेव्हा खाल्लेल्या अन्नपाण्यातल्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याची खूण त्यात कायम राहते. दरेक भूभागाच्या दगडामातीची खूण वेगळी असते. या माणसाचं बालपण कोपानमध्ये गेलेलं नव्हतं. पण ते तेओतिवाकानमध्येही गेलेलं नव्हतं. ते उत्तरेकडच्या सखल माया प्रदेशातलं होतं. म्हणजे डोळ्यांवरची कडी हा पोशाख होता, जन्मगाव नव्हे.

जवळच्या दुसऱ्या थडग्यात एक वयस्क स्त्री होती. तिचा सांगाडा हिंगुळाने लालभडक झालेला होता. ती बहुधा संस्थापकाची राणी, आणि तिची खूण याच खोऱ्यातली. तिच्या थडग्याची वाट पुष्कळ काळ उघडी ठेवलेली होती, लोक आत येऊन विधी करत होते. परका पुरुष आणि इथली स्त्री, या घराण्याची सुरुवात अशी आहे. दगडावर ती स्त्री कुठेच नाही. सोळा आसनांच्या हिशेबात तिला जागा मिळाली नाही, ही मला या वंशावळीतली सगळ्यात मोठी उणीव वाटते.

दुसरा राजा पोपोल होल याने बापाच्या नावाने बांधकामं केली. ९.०.०.०.० हा दिवस, म्हणजे बाकतुन पालटण्याचा इ.स. ४३५मधला क्षण, त्यानेच स्तंभावर कोरून घेतला. आणखी एका गोल दगडावर बापलेक समोरासमोर कोरलेले आहेत. ‘कुक’ म्हणजे केत्साल पक्षी, ‘मो’ म्हणजे मकाव पोपट. राणीच्या थडग्यावरच्या इमारतीच्या भिंतीवर हे दोन पक्षी गळ्यात गळा घालून गिलाव्यात रंगवलेले आहेत, ती संस्थापकाची सहीच आहे.

तिसऱ्यापासून नवव्यापर्यंतच्या राजांबद्दल फार सांगण्यासारखं हाती नाही. त्यांचे बरेच स्तंभ पुढच्यांनी फोडून भरावात घातले. दहाव्या राजाच्या काळातली एक इमारत मात्र संपूर्ण वाचली आहे. तिला ‘रोसालिला’ म्हणतात आणि तिची तारीख इ.स. ५७१ आहे. हुनालच्या बरोबर वर, त्याच पवित्र जागेवर ती उभी होती. रिकार्दो आगुर्सिया यांच्या चमूला १९८९मध्ये बोगद्यात ती लागली, तेव्हा गिलाव्यातली शिल्पं आणि त्यांचे रंग जागच्या जागी होते. कारण तिला पुरताना छिन्नी लागलीच नव्हती. खोल्या हळूच भरल्या होत्या, बाहेरून पांढऱ्या चुन्याचा हात दिला होता, प्रेताला कापड गुंडाळावं तसा. आत चकमकीच्या दगडाचे, माणसांचे चेहरे घडवलेले नऊ राजदंड निळ्या कापडात बांधून ठेवलेले होते. असा रंगीत गिलावा करायला चुना लागतो, चुना भाजायला लाकूड लागतं, आणि लाकूड तोडलं की डोंगर उघडे पडतात. पुढच्या शतकात कोपानच्या कारागिरांनी गिलाव्यातली शिल्पं सोडून दगडी तुकडे जोडून दर्शनी भिंती सजवायला सुरुवात केली.

बारावा राजा इ.स. ६२८मध्ये आला आणि ६९५पर्यंत राहिला. सदुसष्ट वर्षं. ६५२मध्ये कातुन पालटला तेव्हा त्याने शहराबाहेर, खोऱ्याच्या कडेकडेने स्तंभ उभारले. त्यांतले दोन एकमेकांपासून सुमारे सात किलोमीटरवर, समोरासमोरच्या डोंगरांवर आहेत. पूर्वेच्या स्तंभापाशी उभं राहून बघितलं तर वर्षातून दोनदा, एप्रिलच्या मध्याच्या सुमारास आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला, सूर्य पश्चिमेच्या स्तंभामागे मावळतो. हा राजा गेला तेव्हा त्याच्या थडग्यावर धूपदाण्यांची बारा मातीची झाकणं ठेवली, प्रत्येकावर बसलेला एक पुरुष. ते बारा राजे असावेत, असं मानतात. आल्टर क्यूची कल्पना म्हणजे सोळाव्याच्या सुमारे ऐंशी वर्षं आधीच इथे मातीत घडलेली होती.

तेराव्याचं नाव वाशाक्लाहून उबाह काविल, म्हणजे ‘अठरा आहेत काविल देवाची रूपं’. जुन्या पुस्तकांत तो ‘अठरा ससे’ या नावाने भेटतो. नावातलं अक्षर एका उंदरासारख्या, जमिनीत बिळं करणाऱ्या प्राण्याचं डोकं आहे. अभ्यासकांना तो ससा वाटला. प्रत्यक्षात त्या प्राण्याचं माया नाव ‘बाह’ आणि ‘बाह’चा दुसरा अर्थ ‘रूप’, ‘प्रतिमा’. आवाजासाठी वापरलेलं चित्र चित्र म्हणूनच वाचलं की असा ससा निघतो.

या राजाने कोपानला जे दिलं ते फार थोड्या माया शहरांकडे आहे. बहुतेक ठिकाणी स्तंभावरचा राजा सपाट उठावात असतो. त्याच्या मुख्य चौकातले राजे दगडातून जवळजवळ सुटून बाहेर उभे आहेत. याचं निम्मं श्रेय दगडाला. कोपानचा दगड ज्वालामुखीच्या राखेचा, हिरवट आणि कोरायला मऊ. चुनखडीत इतकं खोल गेलं की पापुद्रे सुटायची भीती असते. मात्र या दगडात मधूनमधून गारेसारख्या कठीण गाठी असतात. छिन्नी तिथे घसरते आणि कारागिराला गाठ सांभाळून नक्षी फिरवावी लागते.

इ.स. ७२५मध्ये त्याने उत्तरेला सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या किरिग्वा या छोट्या गावाच्या गादीवर काक तिलिव चान योपातला बसवलं. किरिग्वा मोताग्वा नदीवर आहे, जेड आणि ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काच, याच वाटेने समुद्राकडे जायचं. किरिग्वाची परंपराही आपली सुरुवात ४२६लाच आणि कुक मोच्या देखरेखीखाली झाली, असं सांगते. म्हणजे दोन्ही घरं एकाच मुळाची. ७३६मध्ये किरिग्वाच्या लेखात कालाकमुलच्या राजाचा उल्लेख येतो. कालाकमुल हे माया शहर कोपानच्या जुन्या मित्राचं, तिकाल या दुसऱ्या माया शहराचं, वैरी. जानेवारी ७३८मध्ये कोपानच्या नव्या चेंडूखेळाच्या मैदानाचं उद्घाटन झालं. त्यानंतर ११३ दिवसांनी किरिग्वात वाशाक्लाहून उबाह काविलचं डोकं उडवलं गेलं. बसवलेल्याने बसवणाऱ्याला मारलं. कोपानचा लेख हे झाकत नाही, पण आपल्या शब्दांत सांगतो: त्याचा श्वास ‘चकमकीने, ढालीने’ संपला. म्हणजे युद्धात. किरिग्वा मात्र ‘परशूने’ असं म्हणतं. पुढे काक तिलिवने ७७१मध्ये साडेदहा मीटरचा स्तंभ उभा केला, माया लोकांनी उभारलेला तो सगळ्यात उंच एकसंध दगड.

चौदावा ३९ दिवसांनी गादीवर आला. त्याने एकही स्तंभ उभारल्याचं दिसत नाही. त्याच्या काळातली ‘पोपोल नाह’ ही इमारत मात्र लक्ष वेधते. ‘पोप’ म्हणजे चटई, आणि माया भाषेत चटईवर बसणं म्हणजे राज्य करणं. आपल्या ‘गादी’सारखंच. भिंतींवर दगडी चटया विणलेल्या आहेत आणि वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रमुखांच्या मूर्ती बसवल्या आहेत. हे सल्लामसलतीचं घर होतं, असा अनेकांचा कयास आहे. राजा मारला गेल्यावर उरलेल्यांना एका चटईवर आणावं लागलं असेल.

पंधराव्याने अक्षरांचा जिना पुरा केला. तेराव्याने इ.स. ७१०मध्ये बाराव्याच्या थडग्यावर त्याची सुरुवात केली होती. ७५५पर्यंत तो साठांहून जास्त पायऱ्यांचा आणि सुमारे २,२०० अक्षरांचा झाला, माया जगातला सगळ्यात लांब लेख. संपूर्ण वंशाचा इतिहास पायरी-पायरीने, मधे मोठ्या मूर्ती बसवलेल्या. माथ्यावरच्या मंदिरात तर एकच मजकूर दोन लिप्यांत शेजारी-शेजारी होता, एक माया आणि एक तेओतिवाकानी थाटाची नक्कल. ती नक्कल वाचता येण्यासारखी लिपी नव्हतीच, फक्त जुन्या दराऱ्याची झूल होती.

आणि हाच जिना कोसळला. उशिराच्या कोपानी इमारतींचा भराव दगड आणि मातीचा होता, चुन्याने बांधलेला नव्हता. पाणी मुरलं की माती फुगते, सरकते आणि वरची घडीव दगडांची कातडी पुढे ढकलते. अभ्यासक पोचले तेव्हा तळाच्या पंधराएक पायऱ्याच जागेवर होत्या, बाकी दगड खाली ढिगाऱ्यात. १९३०च्या दशकात कार्नेगीच्या लोकांनी ते परत रचले, पण लिपी वाचता येत नसताना. त्यामुळे वरचा भाग म्हणजे फाटलेल्या पोथीची पानं हाताला येतील तशी शिवावीत, तसा आहे. त्या लोकांना दोष देणं मला योग्य वाटत नाही. ढीग तसाच राहिला असता तर दगड झिजून गेले असते. आज जुनी छायाचित्रं, तारखांची वजाबाकी आणि वाक्यरचना यांच्या आधाराने क्रम लावायचं काम होतं. म्हणूनच पहिल्या दगडाचं मोल जास्त: आल्टर क्यू एकसंध असल्यामुळे त्याचा क्रम कुणालाच विसकटता आला नाही.

याश पासाह चान योपातकडे परत येऊ. त्याची आई पालेंके या दूरच्या माया शहराची राजस्त्री होती, हे तो लेखात सांगतो. बाप कोण, ते सांगत नाही. पंधरावा आपला बाप, असा त्याचा दावा नाही. मायांच्या राजलेखांत बापाचं नाव घालणं ही साधी गोष्ट असताना हे मौन मोठं आहे. तो स्वतःला म्हणवतो ‘सोळावा’, आणि आकडा कुक मोपासून मोजतो. रक्त दाखवता येत नसेल तेव्हा आकडा कामाला येतो. हुनाल आणि रोसालिला पोटात असलेल्या त्याच जागेवर त्याने शेवटचं मंदिर चढवलं आणि त्याच्या पायथ्याशी हा दगड ठेवला. दगडाजवळच्या खड्ड्यात पंधरा जग्वारांची हाडं निघाली. एकेका पूर्वजासाठी एकेक. एवढ्या खोऱ्यात पंधरा जग्वार जमवणं सोपं नव्हतं. हाडांच्या तपासणीवरून कोपानमध्ये जग्वार बंदिस्त ठेवून पाळले जात असल्याचं दिसतं.

या सगळ्या खटाटोपाची गरज खोऱ्यात बघितली की कळते. त्याच्या काळात इथे सुमारे वीस हजार माणसं असावीत, असा अंदाज आहे. नदीकाठची चांगली जमीन घरांखाली गेली आणि शेती उतारावर चढली. हाडांमध्ये कुपोषणाच्या खुणा आहेत. सरदारांच्या घरी कोरीव लेखांचे ओटे आले. एका लेखनिकाच्या वाड्यातला तसा ओटा इ.स. ७८१चा आहे. पूर्वी अक्षरं राजाची असायची, आता ती वाटावी लागत होती.

राजाच्या मृत्यूनंतर, ८२०च्या सुमारास, एका लहान खांबावर वितेनाह, ते मूळ-घर, कोसळल्याचं सांगणारे शब्द कोरले गेले.

आणखी एक दगड आहे, आल्टर एल. तोही चौकोनी आहे. दक्षिणेच्या बाजूवर दोन माणसं समोरासमोर बसलेली: एक याश पासाह, दुसरा उकित तोक नावाचा माणूस. मध्ये तारीख, इ.स. ८२२ची. मांडणी हुबेहूब आल्टर क्यूची, फक्त पहिल्याच्या जागी सोळावा आणि सोळाव्याच्या जागी हा. पलीकडच्या बाजूवर माणसांच्या आकृत्या आखून कोरायला घेतलेल्या आहेत, त्या तिथेच थांबल्या. पूर्व आणि पश्चिमेच्या बाजूंना छिन्नी लागलेलीच नाही.